कपाटाची दुसरी चावी

मंगल, तुझा ईसीजी मी मागवून घेतला. आपल्या वॉर्डातल्या सिस्टरनं दिला, पण देताना माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मयताची पावती मागायला आलेय. खिडकीपाशी उभी राहून मी तो वाचला. मग हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, यात शोधण्यासारखं काही नाही." दुपारची ओपीडी संपवून तू खुर्चीत मागं टेकलीस, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढंच. मला पटत नाही. जिना चढताना मला मागं टाकून वरून "ये की म्हातारे" म्हणणारी बाई अशी बसल्या जागी कशी जाईल? तू असतीस तर म्हणाली असतीस, "फौजदार, मेलेल्या माणसाची तरी झडती घेऊ नको गं."

घेणार. तुझी तर घेणारच. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर न देता तू गेलीस, आणि तोच प्रश्न आता सगळं कॉलेज दबक्या आवाजात विचारतंय. मंगल मॅडमनी औषधाच्या अभ्यासात बेइमानी केली का? कॅन्टीनमध्ये मी गेले की बोलणं थांबतं. "बाई चांगल्या होत्या हो, पण..." या 'पण'च्या पुढं कुणी जात नाही. त्या 'पण'साठी मी हे लिहितेय.

तसं बघितलं तर आपल्या दोघींत पहिला संशय तूच घेतला होतास. हॉस्टेलवर नवीन होतो. मी अजिंठ्याकडच्या पाटलाची पोर, माझं आडनाव ऐकलं आणि तुझा चेहरा बंद झाला. तू तुझ्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यालीस आणि मुद्दाम ती माझ्यापुढं केलीस. मी पिते का, ते बघत राहिलीस. मी उन्हातून आले होते, घटाघटा सगळी संपवली. तुझा चेहरा काय झाला होता! "अगं ए, घोटभर तरी ठेवायचं!" म्हणून ओरडलीस. त्या बाटलीवरून जे भांडायला लागलो ते केस पांढरे होईस्तोवर भांडत आलो. आपल्याएवढं दुसऱ्या कुणाशी मला भांडता आलं नाही. घरच्यांशीसुद्धा नाही.

तू मनाच्या आजारांची डॉक्टर झालीस, मी औषधशास्त्रात गेले. तुझ्याकडं माणसं यायची, माझ्याकडं बाटल्या. तुझ्या ओपीडीत ज्या बायका यायच्या त्यांची तुला फार काळजी होती. नवरा गेला, पोरगी परत आली, काहीतरी झालं, आणि कुणीतरी चार दिवसांसाठी झोपेची, टेन्शनची ती बारीक गोळी दिली. चार दिवस गेले, गोळी राहिली. मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देत गेला. आता सोडायला जावं तर हात थरथरतात, छाती धडधडते, अंगावर मुंग्या चालतात, डोळ्याला डोळा लागत नाही. एकदम बंद केली तर फिट येते, माणूस दगावतोसुद्धा. म्हणून कणाकणानं कमी करत जायचं, आणि त्या वाटेवर माणूस हमखास मागं फिरतो. तुझं म्हणणं होतं की फिटसाठी वापरतात त्यातलं एक जुनं औषध सोबत दिलं तर ही वाट सोसवेल.

मी तेव्हाही नाक मुरडलं होतं. "एक गोळी सोडवायला दुसरी. मग ती सोडवायला तिसरी. दुकान टाकायचंय का?"

"ही अडकवून ठेवत नाही गं. थोडे दिवस आधार द्यायचा आणि काढून घ्यायचा."

"त्या पहिल्या गोळीबद्दलही कुणीतरी असंच म्हटलं असेल."

"म्हणून तर तपासायचं ना! तू तपास. तुझ्याइतकं खवचट माणूस मला दुसरं कुठं मिळणार?"

अशी मला ओढलीस. निम्म्या लोकांना कॅप्सूलमध्ये खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये नुसती पावडर. गोळी कमी करणं, सांभाळणं, तपासणं सगळ्यांना सारखंच. कुणाला काय मिळतंय ते तुलाही ठाऊक नाही, त्यांनाही नाही. ते फक्त मला माहीत, आणि त्याची यादी नि कॅप्सूलचे डबे माझ्या कपाटात कुलपात. हे सगळं बायकांना स्वच्छ मराठीत सांगायचं, कुणाला फसवायचं नाही, यावर तुझं-माझं पहिल्यांदाच एकमत झालं. तू ते इतकं झकास सांगायचीस! "कुणाला औषध, कुणाला पीठ. कुणाला काय, ते मला पण ठाव नाही." बायका हसायच्या. मला वाटायचं, समजलं यांना. समजलं होतंच. जरा जास्तच समजलं होतं, पण ते पुढं.

मग शेवंताबाई आल्या. तुझ्याच पडेगावच्या, तुझ्या घरामागच्या गल्लीतल्या. गोळी कमी करायला लागलो तशा त्या पार विस्कटल्या. कपबशी धरता येईना. त्यांना बघून तू माझ्या खोलीत आलीस, दार लावून घेतलंस. "हिला पीठ मिळतंय, व्हय ना? मला डोळ्यांनी बघवत नाही. खरं औषध दे हिला."

मी म्हटलं, "सांगणार नाही. बघवत नसेल तर तिला अभ्यासातून बाहेर काढ आणि हवं ते दे. नियमात बसतंय."

"ती निघायला तयार नाही. म्हणते, सुरू केलंय ते पुरं करीन."

"मग कमी करायचा वेग आणखी हळू कर. ते तुझ्या हातात आहे. कपाट माझ्या हातात आहे."

"दगड आहेस," म्हणालीस. गेलीस. आणि पुढच्या खेपेला शेवंताबाई आल्या त्या चक्क हसत. हाताचं थरथरणं पुष्कळ कमी. तू आनंदानं मला बोलावून दाखवलंस. मी तुझ्या आनंदाकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या कपाटाची दुसरी चावी तुझ्याकडं होती. जुनी गोष्ट, कपाट आधी दोघींचं होतं, तुझी छत्री नि माझी चप्पल त्यात असायची. चावी परत मागावी असं मला कधी सुचलं नव्हतं. तुझ्याकडं चावी असणं हे माझ्याकडं असण्यासारखंच होतं ना.

काही जणींचं रक्त तपासायचं आधीच ठरलेलं होतं. रिपोर्ट माझ्याकडं आले. ज्यांच्या डब्यात नुसती पावडर होती, त्यांच्या रक्तात औषध. शेवंताबाईंच्याही. लॅबवाल्यांवर संशय घेतला, पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं. कॅप्सूल भरणाऱ्यांवर घेतला, तिथंही काही नाही. मग उरली एकच. जिला दया आली होती, आणि जिच्याकडं चावी होती.

कॅन्टीनमध्ये तू डबा उघडून बसली होतीस. शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सरकवलीस. मी उभीच होते. विचारलं, "मंगल, तू डबे बदललेस का?"

तुला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी रिपोर्टचं सांगितलं, चावीचं सांगितलं, नियमाप्रमाणे अभ्यासावर देखरेख करणाऱ्या कमिटीला कळवावं लागेल हेही सांगितलं. तू भाकरीचा तुकडा हातातच धरून ऐकत होतीस. तू ओरडशील, शिव्या घालशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालीस, "तुला तसं वाटतं?"

"मला काही वाटत नाही. रिपोर्ट म्हणतोय."

"मग रिपोर्टलाच विचार." डबा तसाच टाकून उठलीस.

नंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. कमिटीनं तुझ्याकडं खुलासा मागितला, तो तू दिला नाहीस. का दिला नाहीस, मंगल? खरं असतं तर कबूलच केलं असतंस, असं माझं एक मन म्हणायचं. खरं होतं म्हणूनच तुला राग आला, असं दुसरं म्हणायचं. दुसऱ्या मनाचंच मी जास्त ऐकते. आणि मग ती दुपार आली.

तू गेल्यावर कमिटीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं, चहा मागवला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं, म्हणाले. ज्यांचे रिपोर्ट गडबडीचे तेवढ्या बायका काढून टाकू. 'प्रमुख संशोधकाकडून नियमभंग' एवढं एक वाक्य फाइलीत टाकू, विषय संपला. उरलेल्यांमध्ये औषधाचा चांगला फरक दिसतोय. पेपर छापून येईल, तुमचं नाव, त्यांच्या नावापुढं 'दिवंगत'. "त्यांचीही हीच इच्छा असणार, नाही का?"

एवढा गोडवा ऐकला की मला आधी संशय येतो. पण खोटं कशाला बोलू, मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, विचार करते. कारण ते पटण्यासारखं होतं. तुझ्या औषधाचं काम झालं असतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला ते वाचून धीर आला असता. आणि तुझ्यावर एकच वाक्य, तेही फाइलीत, कुणी उघडणार नाही अशा फाइलीत.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आले होते. यायला मन होत नव्हतं, पण आले. घरापुढं मांडव, सगळी पांढरी लुगडी, तुझा फोटो, हार. वंदना झाली. विहारातले भन्तेजी बोलले, मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उठला. मला कुणीतरी "तुम्ही बोला ना, तुम्ही जवळच्या" म्हटलं. मी मान हलवली. काय बोलणार होते? जेवणं सुरू झाली तशी मी मागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथं शेवंताबाई आल्या, सोबत त्यांची शेजारीण जुबेदाआपा. दोघी आपल्या अभ्यासातल्याच. शेवंताबाईंचे डोळे सुजले होते.

"म्याडम, एक इचारायचं व्हतं. आमच्या कॅप्सूला आता बंद का? बाई तर गेल्या."

म्हटलं, "बंद नाही, दुसरे डॉक्टर बघतील. एकदम काही सोडू नका."

"मंग आमचा डबा तसाच चालू ठिवू का?"

"तुमचा डबा म्हणजे?"

जुबेदाआपांनी त्यांना कोपरानं ढोसलं. माझे कान टवकारले. मला असा एक कोपर पुरतो. मी विचारलं, आणि दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी जुबेदाआपाच म्हणाल्या, "देखो मॅडम, एक कू दवाई, एक कू आटा, ये कैसा इन्साफ? हम दोनो एकीच नल का पानी भरते."

मग सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून घरी गेलं की दोघी-चौघी जणी आपापल्या कॅप्सूल एका स्टीलच्या डब्यात ओतायच्या. डबा हलवायचा. आणि सगळ्यांनी सारखा वाटा घ्यायचा. म्हणजे कुणीच निव्वळ पीठ खात बसणार नाही. "बाईनी सांगितलंच व्हतं ना, कोनाला काय ते ठाव नाय म्हनून. मंग आमी म्हनलं, समद्यांचं एकात करू. न्याय झाला." शेवंताबाई हे सांगताना जरा ताठ उभ्या राहिल्या.

बाई गं! आपण बसून केवढा विचार केला होता, रंग सारखा, वास सारखा, डबे सारखे, आणि एका गल्लीतल्या बायका घेतल्या. एका नळावरच्या. ज्या साखर-पीठ उसनं देतात, एकमेकींची पोरं जेवू घालतात, त्या औषध एकटीनं खातील असं आपल्याला वाटलं. दोघी शिकलेल्या, दोघी इथल्याच, आणि हे आपल्या डोक्यात आलं नाही.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. पुढच्याच क्षणाला मनात आलं, या खोटं बोलत असतील. यांच्या कानावर आलं असेल की तुझं नाव खराब होतंय, आणि तुझ्या गल्लीनं ही गोष्ट रचली असेल. मी जुबेदाआपांना पाणी आणायला पाठवलं आणि शेवंताबाईंना एकटीला विचारलं. मग शेवंताबाईंना पाठवलं आणि आपांना विचारलं. डबा कुणाचा, कोण हलवायचं, वाटणीत एखादी जास्त उरली तर काय. "उरली तर जिला त्या दिवशी लई तरास तिला," दोघी हेच म्हणाल्या. आणि नुसतं आमचंच नाही, ओपीडीच्या लायनीत शहागंजच्या बायकांनाही आम्हीच शिकवलं, असं आपा अभिमानानं म्हणाल्या. उरलेल्यांमध्ये फरक दिसतोय म्हणे. कशाचा फरक?

आणि मग मला ते रिपोर्ट आठवले. पिठावाल्या बायकांच्या रक्तात औषध होतं, हे मी बघितलं. पण औषधवाल्यांच्या रक्तात ते कमी भरत होतं, त्याला मी 'विसरत असतील' म्हणून सोडून दिलं होतं. तू डबे बदलले असतेस तर एकीकडं पुरतं आणि एकीकडं शून्य आलं असतं. इथं कुणाचंच पुरतं नव्हतं आणि कुणाचंच शून्य नव्हतं. सगळ्यांना थोडं थोडं. रिपोर्टला विचार म्हणाली होतीस ना तू? त्यानं कधीच सांगितलं होतं.

तरी एक राहिलं. तुला हे माहीत होतं का? माहीत असून तू गप्प बसली असशील, तर तीही बेइमानीच, आणि मी ती लपवणार नव्हते. मी शेवंताबाईंना सरळ आडवं घेतलं. "बाईंनीच सांगितलं असेल तुम्हाला, वाटून खा म्हणून."

त्या अशा काही भडकल्या! "कोनाला लबाड म्हनता? त्यांच्या मयताचं जेवन जेवताय अन असं बोलता?" मग त्यांनी सांगितलं, एकदा ओपीडीच्या बाकावरच त्यांनी डबा उघडला होता आणि तू समोरून आलीस. त्यांनी तो पदराखाली घातला. तू म्हणालीस, "काय लपवताय, खायचं असेल तर मला पण द्या." जुबेदाआपा म्हणाल्या, बोरं आहेत, किडकी निघाली. तू हसत पुढं गेलीस. किडकी बोरं! आणि तुला ते खरं वाटलं. तुला काय, कुणीही काहीही सांगावं.

"पण लपवलंत का?" मी विचारलं. "बाई तर तुमच्याच होत्या."

शेवंताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना सांगितलं असतं तर त्या नको म्हनल्या असत्या. अन त्यांनी नको म्हनलं, की आमाला ऐकावंच लागलं असतं."

मंगल, मी तिथं टाकीपाशी रडले. मांडवात रडू आलं नव्हतं, तुझा ईसीजी बघून आलं नव्हतं. जुबेदाआपांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, नि म्हणाल्या, "रो लो, मॅडम, रो लो."

आता तुझं-माझं शेवटचं भांडण. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला तोंडपाठ आहे. "माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? एका वाक्यानं काही बिघडत नाही. अभ्यास वाचव, ते औषध बाहेर येऊ दे." तुला बायका बऱ्या व्हायला हव्या होत्या, बाकी कशाची फिकीर नव्हती. आणि मी म्हणाले असते, कुठला अभ्यास वाचवू? स्टीलच्या डब्यात हलवलेला? तुझं औषध चालतं की नाही, हे आपल्याला कळलेलं नाही. शेवंताबाई औषधानं सावरल्या, तू हळू केलेल्या वेगानं सावरल्या, की आपलं दुखणं चौघींत वाटून घेतल्यानं सावरल्या, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, जरी तू "मी सांगते ना" म्हणून टेबल बडवलं असतंस. न कळलेलं कळलं म्हणून छापायचं, आणि त्याची किंमत म्हणून तुझ्यावर चोरीचा शिक्का मारायचा? जा गं. मेलीस म्हणून मी तुझं ऐकीन असं समजू नकोस.

काल मी कमिटीपुढं उभी राहिले. सांगितलं, सगळा अभ्यास बाद धरा, एकही बाई ठेवू नका. बायकांनी काय केलं ते सांगितलं, रक्ताचे आकडे त्याच्याशी कसे जुळतात ते फळ्यावर मांडलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. तुझी इतकी मेहनत, म्हणाले. मग जरा पुढं वाकून म्हणाले, "आकड्यांचं ठीक आहे. पण मॅडमना हे माहीत नव्हतं, हे कशावरून?"

मी म्हटलं, "त्या बायकांनी सांगितलं."

"त्या त्यांच्याच बाजूच्या ना पण."

आयुष्यभर मी कुणाच्या बाजूला उभी राहिले नव्हते, मंगल. तीच माझी शेखी होती.

"मीही त्यांच्याच बाजूची आहे," मी म्हटलं. "तसं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.